कुमुद तळ्यावरचे छप्पर

पूर्वी सुवेणी नगरीत जयसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने मीठ विकणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तो रानोमाळ हिंडे. पण त्याची भेट व्हायला अजून थोडा अवकाश आहे. आधी गोधिकाला भेटले पाहिजे, कारण या कथेत जो गोंधळ झाला तो बहुतेक सगळा गोधिकाच्या डोक्यात झाला.

गोधिक हा वेळुग्रामच्या धीवरांचा मुखिया. नगरीपासून फार दूर, सालाच्या रानापलीकडे कुमुद नावाचे एक तळे होते. एरवी तिकडे कुणी फिरकत नसे. वसंतात पाणी उतरे, मरळ आणि रोहू खोल डोहांत गोळा होत, तेव्हा वेळुग्राम आणि उंबरग्राम या दोन गावांचे धीवर तिथे तळ ठोकत. काठावर त्यांची एक लांबलचक झोपडी होती. पूर्वजांनी रीत घालून दिली होती की जे गाव या झोपडीवर नवे गवत शाकारील, त्या वसंताचे पाणी त्या गावाचे. दुसऱ्या गावाने काठाकाठाने, गुडघाभर पाण्यात जे हाती लागेल ते धरावे. जो तळाची निगा राखील त्याला त्याचे फळ मिळावे, एवढाच रीतीचा हेतू होता.

पण माणसे चांगल्या रीतीलाही वळसा घालतात. जुने छप्पर शाबूत राहिले तर पुढच्या वर्षी दुसरे गाव येऊन वर चार पेंढ्या टाकील आणि पाणी घेऊन बसेल, अशी प्रत्येकाला धास्ती. म्हणून जे गाव जिंकले असेल ते निघण्यापूर्वी सगळे गवत ओरबाडून तळ्यात फेकी. अशा रीतीने त्या झोपडीवर उन्हाळ्यात छप्पर असे आणि पावसाळ्यात नसे. यात काही वावगे आहे, असे दोन्ही गावांत कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. गोधिकाच्या तर नाहीच नाही.

मागचे दोन्ही वसंत उंबरग्रामने पटकावले होते. वेळुग्रामची जमीन खडकाळ, पावसाळाभर सुक्या मासळीवरच पोट भरायचे. तेही नाही म्हटल्यावर गेल्या खेपेला लोकांनी रानातले कंद उकडून खाल्ले. काही घरे नगरीत माती उपसायला जायची भाषा करू लागली होती. गोधिकाची धाकटी बहीण पुन्ना त्याला म्हणाली, "दादा, या खेपेला पाणी गेलं तर गाव उठलंच म्हणून समज."

ते गोधिकाच्या मनाला फार लागले. म्हणून यंदा पळस फुलायच्या आतच त्याने माणसे गोळा केली. पुन्नासकट सगळ्यांच्या डोक्यावर गवताचे भारे चढवले आणि कुणाला पुरता श्वासही घेऊ न देता त्यांना रान तुडवायला लावले. तळे दिसताच तो भाऱ्यासकट धावत सुटला. झोपडीपाशी पोचला आणि जागच्या जागी थिजला.

झोपडीवर छप्पर होते.

गवत बहुधा याच हिवाळ्यातले होते, अजून पिवळेधमक. वळचण एका रेषेत कापलेली. एवढेच नव्हे, तर कलंडलेली मेढ सरळ केली होती. मासळी वाळवायच्या माचाला नवे बांबू लावले होते. होडीच्या फटींत राळ भरून ती दगडांवर पालथी घातली होती. आणि माणूस म्हणाल तर एकही नाही.

"उंबरग्रामवाले!" गोधिक ओरडला. "चोर कुठले!"

"चोर होडीला राळ लावतात होय?" पुन्ना म्हणाली. तिने टाचा उंचावून आढ्याची गाठ निरखली. "आणि ही गाठ बघ. आपण दोन वेढे घेतो, ते पीळ घालतात. ही तिसरीच काहीतरी आहे."

गोधिकाने गाठ पाहिली आणि त्याचे डोके गरगरू लागले. तेवढ्यात रानातून पावले वाजली. उंबरग्रामचा मुखिया रेवत आपल्या माणसांसह येत होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गवताचा भारा होता. छप्पर पाहून रेवताच्या डोक्यावरचा भाराच घसरला.

"गोधिका, नीचपणाची हद्द केलीस! हिवाळ्यात येऊन शाकारलंस?"

"मी? अरे, मी शाकारलं असतं तर हे ओझं काय हौस म्हणून वाहून आणलं?"

"मग आम्ही तरी कशाला आणलं असतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्यामुळेच दोघांचाही संताप वाढला. शपथा झाल्या, एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार झाला. कुणी म्हणाले, हे तळ्यातल्या यक्षाचे काम. यक्षाला होडी कशाला लागते, असे दुसऱ्या कुणी विचारले. समजत काहीच नसले म्हणजे माणसाचा हात काठीकडे जातो. दोन्हीकडची वल्ही उचलली गेली. गोधिकाला आता छप्पर कुणी केले याच्याशी काही घेणे नव्हते, पाणी हातचे जाते आहे एवढेच त्याला दिसत होते.

अशा वेळी चाऱ्याचा भारा पाठीवर घेऊन बोधिसत्त्व रानातून बाहेर आला. मागून त्याचा भागीदार लोमस एका लंगडत्या बैलाला हाकीत होता.

"आलात का?" बोधिसत्त्व आनंदाने म्हणाला. "बरं झालं. एवढे दिवस तुमच्या घरात राहिलो, घरमालकांची भेट होते की नाही अशी चुटपुट लागली होती."

"छप्पर..." गोधिकाच्या तोंडून एवढेच फुटले.

"मी शाकारलं. का हो, काही चुकलं का?"

मग त्याने सांगितले. हिवाळ्याच्या अखेरीला तो इथून मीठ घेऊन चालला होता. बैलाचा पाय मुरगळला आणि त्याच संध्याकाळी अवकाळी गारांचा पाऊस कोसळला. दुरून झोपडी दिसली म्हणून सगळे जीव घेऊन धावले. जवळ येऊन पाहतात तो वर नुसत्या बरगड्या. रात्रभर ते पावसात बसले आणि गोण्यांतले मीठ त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन मातीत गेले. थोड्या गोण्या तेवढ्या होडीखाली वाचल्या. सकाळी त्याने पहिल्यांदा गवत कापायला घेतले. बैल बरा होईपर्यंत मुक्काम करणे भाग होते, आणि रिकामे बसणे त्याला जमत नसल्याने त्याने होडी आणि माचही दुरुस्त केले. जी गाठ पुन्नाला तिसरीच वाटली, ती गोणीच्या तोंडाची गाठ होती. व्यापाऱ्याला तेवढी एकच येत होती.

ज्या मिठात दरवर्षी मासळी खारवायची, तेच मीठ वाहून गेले होते. छप्पर नव्हते म्हणून गेले होते. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे इतरांच्या आधी पुन्नाला कळले. तिने कपाळावर हात मारला.

रेवताला मात्र वेगळेच काही सुचले. तो हळूच म्हणाला, "मग रीतीनं पाणी यांचं झालं."

"कसली रीत?" बोधिसत्त्वाने विचारले.

त्याला सांगण्यात आले. सगळे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ दिसला की गोधिकाला मनातून जरा बरे वाटले. निदान गोंधळलेला तो एकटा नव्हता.

"म्हणजे ऊन असतं तेव्हा तुम्ही छप्पर घालता," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि पाऊस येणार म्हटला की काढता?"

"पुढच्यांनी आयतं घेऊ नये म्हणून," गोधिक म्हणाला. म्हणताना ते त्याला नेहमीसारखे शहाणपणाचे वाटले नाही, आणि का वाटले नाही हेही कळेना.

लोमसाचे डोळे मात्र लकाकले. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला ओढले, पण बोलला एवढ्या मोठ्याने की सगळ्यांना ऐकू गेले. "गेलेलं मीठ देवानं भरून दिलं की! सबंध तळं आपलं. जो जास्त मासळी देईल त्याला पाणी देऊ. आणि आपलं नुकसान केलं कुणी? यांनीच ना?"

गोधिक पुढे झाला. "श्रेष्ठी, आम्हाला द्या. निम्मी मासळी तुमची."

"आम्ही निम्म्याहून जास्त देऊ," रेवत म्हणाला.

गोधिकाने पुन्नाकडे पाहिले. निम्म्याहून जास्त दिली तर पावसाळ्याला काय उरणार? आणि नाही दिली तर पाणीच जाणार. त्याचे डोळे भरून आले. लोकांसमोर रडायचे नाही म्हणून तो उगाच माचाचा बांबू हलवून पाहू लागला.

बोधिसत्त्वाने ते पाहिले. मीठ गेल्यामुळे त्याचीही अवस्था काही बरी नव्हती. घरी परतल्यावर पुन्हा गोण्या भरायला हातात काही नव्हते. क्षणभर त्याच्याही मनात आले की लोमस म्हणतो ते अगदीच गैर नाही. पण मग त्याला वाटले, पावसात उघडे पडणे काय असते ते मी पाहिले आहे, आता मीच या लोकांचे छप्पर काढू की काय?

"पाणी माझं ना?" तो म्हणाला. "मग ते मी दोन्ही गावांना दिलं. मला मासळीत वाटा नको. वाचलेलं मीठ दोघांना सारखं वाटून देतो, मोबदला नेहमीचाच. पुरणार नाही तिथे छपराखाली धुरी धरा, म्हणजे मासळी टिकेल. अट एकच. जाताना छप्पर काढायचं नाही. आणि इथून पुढे छपरावरून पाण्याचा वाद नको. दोघांनी गवत आणा आणि मिळून घाला."

लोमसाने कपाळाला आठ्या घातल्या त्या शेवटपर्यंत काढल्या नाहीत.

गोधिकाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण त्याला ते कळलेच नाही. हाती आलेले तळे कुणी असे सोडून देते का? यात नक्की काहीतरी डाव आहे, असे त्याने मनाशी पक्के केले आणि सबंध वसंत डाव शोधण्यात घालवला. मिठाची गोणी उघडून चाखून पाहिली, मीठ खारटच होते. बोधिसत्त्व जाळी विणायला बसे तेव्हा हा शेजारी बसून त्याच्या बोटांवर नजर ठेवी, आणि नजर ठेवता ठेवता त्यालाच फाटलेली जाळी पुढे करी. दोन्ही गावांच्या होड्या एकाच डोहावर जात, मासळी भरपूर लागे, झोपडीत धूर कोंडून मरळ तांबूस होई. पुन्ना उंबरग्रामच्या बायकांबरोबर माचावर मासळी पसरताना खुशाल हसे. गोधिक मात्र पोटभर जेवून, हात धुऊन, पुन्हा डाव शोधायला बसे.

"सापडला का?" पुन्ना विचारी.

"अजून नाही. फारच हुशार माणूस आहे."

बैलाचा पाय बरा झाला तसा बोधिसत्त्व निघाला. मिठाच्या मोबदल्यात ठरली होती तेवढीच मासळी त्याने घेतली आणि गोधिकाला म्हणाला, "तुमच्या घरात फार सुखात राहिलो." तो रानाच्या वळणावर दिसेनासा झाला तरी गोधिक पाहतच राहिला. डाव असेल तर तो आता तरी बाहेर पडेल, असे त्याला वाटत होते. वळणावरून फक्त बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

ऊन कडक झाले, तळ उठवायची वेळ आली. दोन्हीकडची माणसे ओझी घेऊन पुढे गेली. गोधिक म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." रेवतही आपल्या माणसांना तेच म्हणाला. मग दोघे झोपडीत एकमेकांसमोर बसले, दोन मेढींना टेकून. दुपार झाली. दोघांनाही भूक लागली, कुणी उठेना. शेवटी रेवताने आपल्या शिदोरीतला भात काढून निम्मा गोधिकासमोर ठेवला आणि दोघे एकमेकांवरची नजर न काढता जेवले.

संध्याकाळ होत आली तशी पुन्ना शोधत माघारी आली. "काय रे, मुळं फुटली की काय तुम्हाला?"

"हा छप्पर काढील," गोधिक म्हणाला, "म्हणून बसलोय."

"मी?" रेवत चकित झाला. "अरे, तू काढशील म्हणून मी बसलोय!"

"मग काढणार आहे कोण?" पुन्नाने विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. काढणारा कुणीच नव्हता. ज्याच्यापासून छप्पर राखायचे तोच छप्पर राखीत बसला होता. गोधिकाला हसू आले, मग ते आवरेना, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आले की आपण रडतही आहोत. व्यापाऱ्याचा डाव नव्हताच. इतके दिवस तो नसलेली गोष्ट शोधत होता. दोघे मुखिया एकाच वेळी उठले, एकाच वेळी बाहेर पडले आणि आपापल्या वाटेला लागले.

पुढच्या वसंतात दोन्ही गावे गवत घेऊन आली. छप्पर जागेवर होते, पावसाने काळवंडलेले, एका कोपऱ्यात जरासे खचलेले. गोधिक आत गेला. चुलीत थंड राख होती. आणि आढ्याला, त्या गोणीच्या गाठींशेजारी, जुन्या लुगड्याची एक झोळी टांगलेली होती. तान्ह्या मुलाची. भर पावसाळ्यात या रानातून कोण वाट काढीत आले होते, कुणाचे मूल इथे जन्मले होते किंवा निजले होते, कुठे गेले, काहीच कळायला मार्ग नव्हता. रेवत मागून आला, तोही पाहत उभा राहिला. खचलेला कोपरा शाकारताना एकाने झोळी सोडायला हात घातला, तेव्हा गोधिक म्हणाला, "असू दे ती. पुन्हा कुणाला लागेल."

एका अरण्यविहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून बुद्धत्वाला पोचलेले शास्ता पुढे म्हणाले, "भिक्षूंनो, तुमच्यापैकी जो दुसऱ्याने झाडलेले अंगण पुन्हा झाडून पाहतो आणि त्यात काही डाव असेल अशी शंका घेतो, तो खेमक त्या वेळी गोधिक होता. सकाळपासून त्याच्याशी कुटीच्या छपराच्या दुरुस्तीवरून भांडणारा सुभूम तेव्हा रेवत होता. ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी अनुला ही पुन्ना होती. आठ्या घालून बसलेला वप्पक हा लोमस, आणि त्याच्या आठ्या अजून गेलेल्या नाहीत. मिठाचा व्यापारी मीच होतो. झोळीतले मूल कोण होते हे मात्र विचारू नका. त्याला छप्पर मिळाले एवढे पुरे. मागितलेले देणे सोपे असते. न मागता हाती आलेला हक्क सोडणे अवघड, आणि ते त्या जन्मी मी केले. हीच ती दानाची पारमिता, दानाची परिपूर्णता."

हे ऐकून खेमक आणि सुभूम उठले आणि शिडी आणायला गेले.