चिचुंद्री आणि कथलाचा बिल्ला

दूर स्कॉटलंड देशात एक होता डोंगर. डोंगरावर गवत. गवतावर धुकं. पांढरं पांढरं, गप्प गप्प. पण कधी कधी ते बोलायचं.

तिथल्या प्रत्येक घराण्याचा एक बिल्ला. कुणाच्या बिल्ल्यावर हरीण. कुणाच्या बिल्ल्यावर रानमांजर. माणसं तो टोपीला लावायची आणि धुक्यातून जायची.

धुकं विचारायचं, "कोण तू? कुणाचा तू?"

बिल्ला दिसला, की वाट द्यायचं. नाही दिसला, तर नाही द्यायचं.

तिथे राहायची एक चिचुंद्री. नाक लांब, पाय इवले. गळ्यात मसुरीएवढा बिल्ला. एकदा ती खाऊ आणायला गेली. येताना चिखल लागला. पाय घसरला. बिल्ला पडला.

डुबुक.

चिखलाने तो गिळून टाकला.

समोर धुकं. धुक्यापलीकडे दगडी भिंत. भिंतीत चिचुंद्रीची पिल्लं, एकटी.

"कोण तू? कुणाची तू?" धुकं म्हणालं. "बिल्ला कुठंय?"

चिचुंद्री मागे वळली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मोराग मावशी बिल्ले बनवायची. चांदीसारखं चकचकीत कथील वितळवायची, साच्यात ओतायची.

"धुकं सोडेना. मावशी मावशी, बिल्ला ओत ना."

"कथील घट्ट आहे गं," मावशी म्हणाली. "भट्टी पेटेल, तर मी ओतीन."

चिचुंद्री गेली भट्टीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी ओतेना. धुकं सोडेना. भट्टी भट्टी, पेट ना."

"पोटात नुसती राख," भट्टी म्हणाली. "भाता फुंकेल, तर मी पेटेन."

चिचुंद्री गेली भात्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भट्टी पेटेना. मावशी ओतेना. धुकं सोडेना. भात्या भात्या, फुंक ना."

"मला पडलंय भोक. फुस्स," भाता म्हणाला. "मेंढी लोकर देईल, तर भोक बुजेल. मग मी फुंकीन."

चिचुंद्री गेली मेंढीकडे. धुक्याच्या कडेकडेने. तुरुतुरु, तुरुतुरु. मागे कुणी तरी श्वास घेत होतं. तिने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"भाता फुंकेना. भट्टी पेटेना. मावशी ओतेना. धुकं सोडेना. मेंढीबाई मेंढीबाई, लोकर दे ना."

"तोंड सुकलंय माझं," मेंढी म्हणाली. "तळं पाणी पाजेल, तर मी देईन."

चिचुंद्री गेली तळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. तळं काळं. तळं गार.

"मेंढी देईना. भाता फुंकेना. भट्टी पेटेना. मावशी ओतेना. धुकं सोडेना. तळ्या तळ्या, पाणी पाज ना."

"माझ्यावर धुकं निजलंय," तळं खालून म्हणालं. "मेंढीला मी दिसतच नाही. धुकं उठेल, तर मी पाजीन."

आता उरलं धुकं.

चिचुंद्री जरा मागे सरली. पण पिल्लं वाट बघत होती. ती गेली. तुरु... तुरु... तुरु...

धुक्याला तोंड नव्हतं. धुक्याला डोळे नव्हते. तरी ते बघत होतं.

"तळं पाजेना. मेंढी देईना. भाता फुंकेना. भट्टी पेटेना. मावशी ओतेना. आणि धुक्या धुक्या, तू मला सोडेनास."

धुकं जरा जवळ सरकलं.

मग धुकं हळूच म्हणालं, "सगळे बिल्ला दाखवतात आणि पळतात. मला कुणी विचारत नाही, कोण तू, कुणाचं तू."

चिचुंद्रीने नाक वर केलं. "मी विचारते. कोण तू? कुणाचं तू?"

धुक्याने खूप विचार केला.

"मी डोंगराचं," ते म्हणालं.

"मग डोंगराच्या डोक्यावर बस की."

"बसेन. पण परत येईन. तेव्हा बिल्ला लागेल."

हूऽऽऽ करून धुकं उठलं.

धुकं उठलं, तळं दिसलं.
तळ्याने पाजलं, मेंढी प्याली. लप लप लप.
मेंढीने लोकर दिली, भोक बुजलं.
भाता फुंकला. फूऽऽ फूऽऽ.
भट्टी पेटली. धग धग धग.
कथील वितळलं, मावशीने ओतलं. सुळुक.
साचा उघडला. टिंग.

"घे तुझा बिल्ला," मावशी म्हणाली. "जा आता, पिल्लं भुकेली असतील."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अर्ध्या वाटेत गार गार वाटलं. धुकं परत आलं होतं. अगदी कानाशी.

"कोण तू? कुणाची तू?"

"मी चिचुंद्री. माझ्या पिल्लांची." तिने बिल्ला दाखवला.

धुक्यात एक वाट उघडली. बारीकशी. चिचुंद्रीएवढीच.

भिंतीत पिल्लं जागी होती. एकेकाने बिल्ल्याला नाक लावलं.

बिल्ला अजून कोमट होता.

धुकं राहिलं दाराबाहेर, चिचुंद्री शिरली बिळात, आणि गोष्ट शिरली पांघरुणात.