दागिने घातलेली बोर

मोरओहोळ गावचा ओढा ओलांडला की माळ सुरू होतो. त्या माळाच्या तोंडाशीच एक बोर उभी आहे. पौषात आजूबाजूच्या बोरी लाल-पिवळ्या फळांनी वाकलेल्या असतात, या एकीला मात्र बोर धरत नाही. भाद्रपदात फुलोरा येतो, मधमाश्या येतात आणि सगळं झडून जातं. काटे मात्र इतके, की चिमणीसुद्धा बसताना विचार करते. आणि संक्रांतीनंतर कुणी पाहुणा त्या वाटेने आला तर थांबतोच, कारण ही काटेरी बोर नटवलेली असते. बुंध्यावर अडकवलेला हलव्याचा कमरपट्टा, खालच्या फांद्यांना हलव्याचे हार, बाजूबंद, तोडे. सगळं पांढरंशुभ्र आणि तान्ह्या बाळाच्या मापाचं.

ओढ्याच्या काठावर येसूआक्कांचं घर आहे. ऐंशीच्या पुढच्या आहेत. पाणी प्यायला थांबलेला पाहुणा त्यांना झाडाचं विचारतो.

"आक्का, झाडाला कशाला हो घातलंय हे? मुंग्या लागल्यात की सगळ्या."

"मुंग्या तरी बोलावल्याशिवाय येतात," आक्का म्हणतात. "बसा. सांगते."

आणखी एक गोष्ट पाहुण्याला गावात गेल्यावर कळते. मोरओहोळात हलव्याला काटा येत नाही. तीळ घ्या, साबुदाणा घ्या, पाक कितीही जपून करा, दाणा गुळगुळीतच राहतो. हलव्याची सगळी शोभा काट्यात. काटा नसलेला हलवा म्हणजे साखर चढवलेला तीळ, बाकी काही नाही. गावच्या सुना माहेराहून हलवा आणतात आणि दागिने तेवढे इथे ओवतात. असं का, तर त्याचीही गोष्ट हीच.

फार जुनं आहे म्हणे. तेव्हा गावात भिवरा नावाची बाई होती. घाटापलीकडचं माहेर, आणि हलवा करायची विद्या आईकडून घेऊन आलेली. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तीळ टाकायचे, चमच्याने थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की काटा मोडतो, निखारा भडकला की दाणा पिवळा पडतो. दिवसाला जेमतेम एक थर चढतो. भिवराच्या हलव्याला असा काटा यायचा, की दाणा उन्हात धरला तर चांदणीसारखा दिसायचा म्हणतात. जुन्या लुगड्याचा काठ खळीत बुडवून ती ताठ करायची आणि त्यावर हलवा टाचून मुकुट करायची. गावात कुठल्याही लेकराचं पहिलं बोरन्हाण असलं की दागिने भिवराचेच. आधी ती स्वतः जाऊन बाळाला घालायची, दृष्ट काढायची, ओटी घेऊन परत यायची.

मग चैत्रात विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळली आणि तिचा नवरा हैबती त्यात गेला. भिवराला तेव्हा पाचवा महिना होता. श्रावणात मुलगी झाली. तिने नाव ठेवलं राही. गावाने ठेवलेलं नाव वेगळं होतं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "बापाला खाऊन आली गं."

तेव्हापासून भिवराचे दागिने उंबऱ्याबाहेरूनच घ्यायला लागले. तिच्या हाताचं चालायचं, पाऊल चालत नव्हतं. भिवराने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही असं सांगतात. तिला वाईट वाटायला वेळच नव्हता. राही अशक्त होती. छाती सारखी घरघरायची. पोर शिंकली तरी भिवराचा जीव खाली-वर व्हायचा, आणि पोर शांत झोपली तर जास्तच. मग ती परातीवरचा हात काढून राहीच्या नाकाखाली बोट धरायची. ऊब लागली की पुन्हा परातीकडे.

बोरन्हाण कशासाठी करतात हे तुम्हांला ठाऊक आहे. थंडी सरून ऊन लागायला सुरुवात होते, त्यात लेकराला काही बाधू नये म्हणून. संक्रांत ते रथसप्तमी एवढेच दिवस. काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून पाच सवाष्णींनी ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे. ज्याचं पहिलं बोरन्हाण चुकलं ते लेकरू उन्हाळा काढत नाही, असं तेव्हा मानायचे. भिवराही मानायची. आणि सवाष्ण तर ती नव्हती.

त्याच साली पाटलाच्या घरी नातू झाला होता. पाटलीणबाई, सगुणाबाई त्यांचं नाव, त्यांनी भिवराला बोलावलं. भिवरा पायरीखाली उभी राहिली.

"भिवरे, असा साज कर की दहा गावांत बोलणं निघालं पाहिजे. मुकुट, बासरी, कमरपट्टा, काही सोडू नकोस."

"करते, पाटलीणबाई. पण एक मागणं होतं. माझ्या राहीचंही पहिलंच आहे. तुम्ही पाच जणी येऊन तिच्या डोक्यावर बोरं ओताल का? मी आत बसेन. समोरसुद्धा येणार नाही."

"अगं, एवढंच ना? आमच्या बाळाचं झालं की दुसऱ्या दिवशी येते. शब्द दिला जा."

भिवराने अकरा दिवस हलवा केला. धुराने राही खोकायला लागली म्हणून तिने निखारे अंगणात नेले आणि पहाटेच्या गारठ्यात परातीपुढे बसली. बोटांची सालं निघाली. असा काटा त्याआधी आला नव्हता आणि नंतर तर येणारच नव्हता. त्यातला सगळ्यांत चांगला मूठभर हलवा तिने फडक्यात बांधून बाजूला ठेवला. पाटलांच्या तिळातला हलवा होता तो. आयुष्यात तिने केलेली चोरी ती एवढीच. त्यातून तिने राहीची बिंदी केली, गळसर केला, हाताएवढे नाही, बोटाएवढे तोडे केले.

पाटलाच्या नातवाचं बोरन्हाण थाटात झालं. पोरांचा गलका भिवराला घरात ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिने अंगण सारवलं, पाट मांडला, माप बोरांनी भरलं आणि राहीला नटवून वाट पाहत बसली. कुणी आलं नाही.

तिने शेजारच्या चिंगूबाईला निरोप घेऊन पाठवलं. चिंगूबाई परत आली. "आज पाहुणे आहेत म्हणाल्या. उद्या येतात."

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंचा गुडघा दुखत होता. त्यानंतर घरात लोणी कढवायचं निघालं. भिवराने बाकीच्या घरी विचारायला लावलं, तर जी ती म्हणाली, "पाटलीणबाई निघाल्या की आम्ही निघालोच म्हणून समज." आणि पाटलीणबाई, असं सांगतात हं, घरात म्हणत होत्या, "त्या चौघी पुढे होऊ देत, मी आहेच मागोमाग." चिंगूबाई तर शेजारीण. तिलाही भिवराने म्हटलं, "तू तरी ये गं." चिंगूबाई म्हणाली, "आले असते. पण माझ्या एकटीच्या येण्याने काय होणार?"

वाईट कुणीच नव्हतं गावात. येसूआक्का इथे थांबतात आणि पाहुण्यांकडे बघतात. "वाईट असती एखादी, तर तिचं नाव घेऊन मोकळे झालो असतो."

मापातली बोरं सुरकुतली. भिवराने नवी वेचून आणली, तीही सुरकुतली. घाटे वाळून खुळखुळायला लागले. रोज दुपारी ती राहीला दागिने घालायची आणि रोज संध्याकाळी एकेक काढून ठेवायची, घामाने साखर विरघळू नये म्हणून. तिच्या मनात एकच घोळत होतं. त्या मूठभर हलव्याचं त्यांना कळलं असेल. म्हणून येत नाहीत. माझ्यामुळेच.

रथसप्तमी उजाडली. दुपार टळली. भिवराने राहीला कडेवर घेतलं, माप दुसऱ्या हातात घेतलं आणि ती गावातून निघाली. नटलेलं लेकरू बघून कुणाचा तरी पाय निघेल असं तिला वाटलं. दारं धाडकन लागली नाहीत. नुसती लोटली गेली, वाऱ्याने लोटावीत तशी. पाटलीणबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या.

"अगंबाई, भिवरे! आज रथसप्तमी नाही का? विसरलेच बघ. आता ऊन कलायला आलं. राहू दे, पुढच्या वर्षी करू."

"पहिलं बोरन्हाण पुढच्या वर्षी कसं होईल, पाटलीणबाई?"

उत्तर नसलं की माणसाला राग येतो. पाटलीणबाई म्हणाल्या, "तोंड वर करून बोलतेस? जे देवाने दिलं ते घेऊन गप बसावं माणसाने."

भिवराने खाली मान घातली. "तुमच्यातला मूठभर हलवा घेतला होता मी," ती म्हणाली. "त्याचा राग असेल तर माझ्यावर काढा."

"कसला हलवा?" पाटलीणबाई म्हणाल्या.

त्यांना माहीतच नव्हतं. म्हणजे राग नव्हता. म्हणजे काहीच नव्हतं. भिवरा तिथून निघाली ती थेट ओढा ओलांडून माळावर गेली आणि या बोरीखाली बसली. तेव्हा ही बोर पंचक्रोशीत गोड म्हणून ठाऊक होती. फांद्या फळांनी जमिनीला टेकलेल्या. पुढचं जे झालं ते पलीकडे शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराने पाहिलं, असं सांगतात.

भिवराने पदर अंथरला आणि राहीला त्यावर बसवलं. पोर अजून नीट बसत नव्हती, तिने पाठीला हाताचा टेका दिला. दुसऱ्या हाताने माप उचललं, लेकराच्या डोक्यापर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. ती स्वतः ओतू शकली असती. अडवायला तिथे कोण होतं? पण गावाला जे शिकवलं होतं तेच तिलाही शिकवलं होतं. आपला हात लागला तर लेकराला बाधेल, या भीतीने तिचा हात पुढे जाईना.

मग तिने झाडाकडे पाहिलं. "बाई," ती म्हणाली, "तू तरी ये."

वारा नव्हता. धनगर शपथेवर सांगायचा, की पान हलत नव्हतं. एक बोर राहीच्या मांडीवर पडलं. मग दुसरं पडलं. आणि मग सगळी बोर एकदम रिती झाली. पिकली, कच्ची, शेंड्यावरची, सगळी बोरं खाली आली, आणि लेकराच्या डोक्याला एकाचाही मार लागला नाही. राही हसली म्हणे. त्याआधी ती कधी हसली नव्हती.

मग भिवराने राहीच्या अंगावरचे दागिने एकेक करून काढले. बिंदी हात पोचेल तितक्या वरच्या फांदीला लावली, गळसर खालच्या फांदीत अडकवला, तोडे काट्यांत खोवले. आपल्याकडे आलेल्या सवाष्णीची बोळवण करतात, तशी तिने झाडाची केली. बोरं तिथेच राहू दिली. धनगर धावत गावात सांगायला गेला आणि सकाळी गाव बघायला आलं, तेव्हा भिवराच्या घरी परात घासून पालथी घातलेली होती आणि झोळी सोडून नेलेली होती.

इथे पाहुण्यांतली एखादी लेकुरवाळी विचारतेच, "मग राही जगली का हो?"

येसूआक्का सांगतात, "ठाऊक नाही. कुणी म्हणतं घाटापलीकडे मोठी झाली, चार लेकरांची आई झाली. कुणी म्हणतं चैत्रातच गेली. घाट काही लांब नाही बाई, सकाळी निघालं तर दुपारी पोचतं. पण जाऊन विचारलं कुणीच नाही."

पुढच्या संक्रांतीला गावात हलव्याची परात चढली आणि काटा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बोरीला फळ धरलं नाही, काटे मात्र दुप्पट झाले. लोक म्हणाले, हलव्याचा काटा बोरीने ओढून घेतला. मग भीती वाटायला लागली. भिवराने शाप दिला असता तर बरं झालं असतं, उःशाप तरी मागता आला असता. पण ती काही बोललीच नव्हती. शेवटी देवळाच्या गुरवाने तोडगा काढला. बोरीला मान द्या म्हणाला. गावात ज्या लेकराचं पहिलं बोरन्हाण असेल, त्याचे दागिने आधी बोरीला चढवा आणि मग लेकराला नवे करा. सगळ्यांना पटलं. झाडाला मान द्यायला कुणाचं काय जातं?

आजही मोरओहोळात तसंच करतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाच सवाष्णी वाजतगाजत ओढ्यापलीकडे जातात. पहिला मान पाटलाच्या घरचा असतो, म्हणून आता कुणी कुणासाठी थांबत नाही. बोरीला हळदकुंकू लावतात, बाळाचे दागिने घालतात, बुंध्यावर मापभर बोरं ओततात आणि हात जोडून म्हणतात, "बाई, लेकराला सांभाळ." मग बोरन्हाणाचं आवतण द्यायला त्या तशाच गावात परततात.

गावात आज अकरा विधवा बायका आहेत. त्यांतल्या दोघींच्या मांडीवर यंदा पहिल्या संक्रांतीची लेकरं आहेत. बोरीकडून परतायची वाट त्यांच्या दारांवरूनच, न थांबता जाते.