टिचकीबंदी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मातीची शपथ घेऊन सांगतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे मी तेव्हा तिथे नव्हतो. जो होता त्याच्याकडून ऐकलं. तोही तसा नव्हताच, पण तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हे. माझी खात्री देता येत नाही. असो.

त्या राज्यात सगळी मडकी राहत, आणि एकमेकांची प्रकृती कळायला त्यांच्याकडे टिचकीखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

दोन मडकी भेटली की बाकीच्या चौकशा नंतर. आधी आपला काठ दुसऱ्याच्या गळ्याला हलकेच लावायचा आणि कान द्यायचा. ‘खण्’ वाजलं तर अंग धड. ‘भद्द’ वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे असं समजायचं, मग राळ भरायची, सावलीत ठेवायचं, पाण्याऐवजी काही दिवस दाणे सांभाळायला द्यायचे. स्वतःची टिचकी स्वतःला मात्र मारता येत नसे. आपण धड आहोत की फुटलेले, हे दुसऱ्याने वाजवून पाहिल्याखेरीज कुणालाच कळत नसे, आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नसे.

टेकडीवर एक मुरवणशाळा होती. गावोगावची कोरी मडकी तिथे येत. कोरं मडकं नुसतं भाजून कामाचं होत नाही. ते मुरावं लागतं. पाणी धरायला शिकता शिकता ते पाझरतं आणि पाझरतं म्हणून त्याच्यातलं पाणी गार होतं. शाळेच्या अंगणात ओल्या वाळूवर सगळी पोटाला पोट लावून बसत. एकाचा पाझर दुसऱ्याला लागे. कुणाचा ओलावा कुठला, हे विचारायची पद्धत नव्हती.

मग केसतडा आला. केसाएवढी चीर; सकाळी धड असलेलं मडकं संध्याकाळी दोन तुकडे. स्पर्शाने पसरे. ही काही अफवा नव्हती, वेशीबाहेरचा खापरांचा ढीग रोज वाढत होता. म्हणून राज्याने फर्मान काढलं की कुणी कुणाला शिवायचं नाही. टिचकी बंद. शाळेतल्या प्रत्येकाने मागच्या उंच, अर्धगोल भिंतीतल्या आपापल्या कोनाड्यात बसायचं. आणि जो बाहेरून ओला दिसेल त्याला तडकलेला समजून ढिगाकडे न्यायचं. फर्मान काढणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पाझर आणि तडा लांबून सारखेच ओले दिसतात, आणि जवळ जायला तर बंदी.

खाली अंगणात तिवईवर रांजणगुरुजी एकटेच उरले. ते रोज सकाळी वर तोंड करून विचारत, “काय, कसे आहात?”

आणि भिंत एका आवाजात म्हणे, “खणखणीत!”

रिकाम्या तोंडातून हा शब्द फार छान घुमतो. गुरुजी समाधानाने मान हलवत. रांजणाला मान नसते, पण हलवत.

वरच्या रांगेत तांबडी नावाची घागर होती. अंगणात असताना तिची टिचकी ऐकायला इतर वर्गांतली मडकी येत. कोनाड्यात बसल्यापासून ती पाझरत होती. त्या वयात पाझरायचंच असतं. पण शेजारी कुणाचं पोट नव्हतं. ती समोर बघे तर भिंतीच्या दूरच्या टोकाची सगळी मडकी कोरडी, चकचकीत. मग ओली मी एकटीच? म्हणजे तडा मलाच गेलाय.

समोरच्यांनी अंगाला लाख चोपडली होती, हे तिला फार उशिरा कळलं. कळल्यावर तिनेही चोपडली. बाहेरून ती आरशासारखी झाली. आत पाणी तापायला लागलं. त्याला निघायला वाट नव्हती, गार व्हायला वारा नव्हता. ते सारखं डचमळत राही. आज बातमी यायची की पुढच्या पुनवेला शाळेचा दरवाजा उघडणार आणि सगळ्यांना पाणवठ्यावर धाडणार. उद्या बातमी यायची की तूर्तास नाही. डचमळणारं पाणी घागरीला एका जागी बसू देत नाही. ती सरकत राहिली, आणि कोनाड्यात सरकायला एकच दिशा असते.

त्याच रांगेत पलीकडे ठोंब्या नावाचं गाडगं होतं. बुटका, जाड बुडाचा. त्याची टिचकी ऐकायला कधी कुणी आलं नव्हतं. एका दुपारी त्याला तांबडीचं बूड कोनाड्याच्या काठाबाहेर आलेलं दिसलं.

“घागरबाई, आत सरका की. दृष्ट लागेल अशानं.”

“इथं हवा बरी लागते.”

“लाख चोपडून बसलीस, तुला हवा कुठून लागणार गं?”

दुसऱ्या दिवशी बूड आणखी बाहेर होतं. ठोंब्याने खाली हाक दिली, “गुरुजी, तांबडीचं काही खरं नाही. तिला टिचकी मारून बघायला पाहिजे.”

“टिचकीला बंदी आहे, बाळ. आणि सकाळीच तर ती खणखणीत म्हणाली. किती स्पष्ट म्हणाली!”

“म्हणायला काय जातंय, गुरुजी? मीपण म्हणतो.”

“मग झालं तर,” गुरुजी म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांना वरून येणाऱ्या आवाजाखेरीज काहीच मिळत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला तशी तांबडी डुलली. ठोंब्या आपल्या कोनाड्यातून निघाला. भिंतीला बोटभर रुंद पट्टी होती, तिच्यावरून. गाडगं चाललं कसं, हे विचारू नका. मडक्यांना पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण ती बोलतात म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, आता अडू नका. वाटेत तो घसरला, भिंतीवर आपटला, काठाचा मोठा टवका उडाला. खाली गुरुजी ओरडत होते, “अरे मागे फिर! स्पर्श होईल!” तो तिच्या कोनाड्यात शिरला तो बाहेरच्या कडेनेच, आणि तिला पोटाने आत ढकललं.

“लांब हो,” ती म्हणाली. “मला तडा गेलाय. तुलाही जाईल.”

“माझं काय राहिलंय जायचं? हा बघ टवका.” आणि त्याने टिचकी मारली.

भद्द.

सगळ्या भिंतीने ऐकलं.

“बघ,” तांबडी म्हणाली. “मी सांगत होते.” आणि ती पुन्हा काठाकडे वळली.

“थांब गं. हा लाखेचा आवाज आहे. तुझा कुठाय अजून?” टवका उडून त्याच्या काठाला धार आली होती. त्या धारेने तो तिच्या गळ्याची लाख खरवडू लागला. तिला दुखलं, तिने शिव्या दिल्या. त्याही त्याने गोड मानून घेतल्या, कारण कित्येक दिवस तिच्या तोंडून बहुतेक ‘खणखणीत’च ऐकू येत होतं. गळ्याची माती उघडी पडली. लगेच तिथे पाण्याचे बारीक मणी फुटले. ठोंब्याने पुन्हा टिचकी मारली.

या खेपेला आवाज मोठा नव्हता, पण तो मातीचा होता. ‘खण्’.

तांबडीने गळा त्याच्या काठाजवळ आणला. मग म्हणाली, “पुन्हा मार.”

आणि मग काय सांगू! भिंतभर हाका उठल्या, “मलाही मार! इकडे ये! आधी मला!” लाखेचे पोपडे पावसासारखे अंगणात पडले, सगळी भिंत वरपासून खालपर्यंत ओली झाली, आणि रांजणगुरुजी तिवईवर नाचले.

नाही. हाका, पोपडे आणि गुरुजींचा नाच, एवढं मी रचलं. तांबडी आणि ठोंब्याचं खरं आहे. बाकी भिंतीने हूं की चूं केलं नाही. ठोंब्या तिथेच राहिला, कोनाड्याच्या बाहेरच्या कडेला, आणि तिचा पाझर त्याच्या पोटाला लागत राहिला.

सकाळी गुरुजींनी वर पाहिलं. एका कोनाड्यात दोन मडकी, दोन्ही ओली. त्यांनी ढिगावर नेणाऱ्यांना हाक मारली नाही. नेहमीचंच विचारलं, “काय, कसे आहात?”

भिंतीने उत्तर द्यायला उशीर केला. त्या उशिरात, इतके दिवस कुणाच्या कानावर न पडलेला आवाज ऐकू आला. लाखेच्या भेगांतून, या कोनाड्यातून, त्या कोनाड्यातून, थेंब पडत होते. टप. टप. आणि सगळ्यांत मोठा थेंब खाली अंगणात, तिवईवरच्या रांजणातून पडत होता.