सातदा उचललेली मोळी

कोणत्या राजाच्या राज्यात, कोणत्या साली, ते मला विचारू नका. पण एक मोठं तळं होतं आणि तळ्याकाठी भोयांची वस्ती होती, एवढं खरं.

त्या वस्तीची एक रीत होती. दिवाळी सरली की प्रत्येक घरानं बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधायची आणि दगड लावून पाण्यात सोडायची. फांद्यांवर शेवाळ धरायचं, शेवाळाला बारके मासे यायचे आणि बारक्यांच्या मागं मोठी मरळ. चैत्रातल्या जत्रेला आपल्या मोळीपाशी गळ टाकून धरलेला मासा देवीपुढं ठेवायचा. लागोपाठ दोन वर्षं जे घर रिकाम्या हातानं येईल, त्याचा तळ्यावरचा हक्क गेला म्हणून समजा.

लिंबाजी भोई गेल्या वर्षी रिकाम्या हातानं आला होता. का आला, ते त्याच्या बायकोला, धुरपाला, विचारा.

यंदाही मोळी सोडून आठ दिवस झाले नाहीत, तोच हा पठ्ठ्या होडी काढून निघाला.

"अवो, कुठं निघालात?"

"जरा उचलून बघतो, मासे राहायला आले का."

"आठ दिसांत? मासे काय सोयरे हायती, निरोप धाडला की यायला?"

ऐकेल तर तो लिंबाजी कसला! त्यानं मोळी वर ओढली. मासा नाही. "जागाच वाईट," म्हणाला आणि मोळी पल्याडच्या काठाला नेऊन सोडली. पंधरा दिवसांनी पुन्हा वर ओढली, पुन्हा जागा बदलली. तिसऱ्या वेळी फांद्यांवर कुठं शेवाळ धरू लागलं होतं, तर ते या शहाण्यानं घाण म्हणून हातानं पुसून काढलं!

धुरपानं कपाळावर हात मारला. "अवो, तव्यावरची भाकरी घडीघडीला उलटली तर कच्चीच राहती की!"

"तुला काय कळतंय? लक्ष ठेवायला नको?"

एके दिवशी तर तो मोळी नव्यानं बांधायला घरीच घेऊन आला. उरलेल्या फांद्या दारात तशाच टाकून गेला आणि धुरपाच्या टाचेत हा एवढा काटा मोडला. "हात टेकले बाई या माणसापुढं!" म्हणत तिनं त्या फांद्या गोळा केल्या, फुटक्या जात्याला करकचून बांधल्या आणि घरामागच्या धुण्याच्या खडकावरून दिल्या पाण्यात ढकलून. "जा एकदाची!"

त्याच खडकावर ती रोज भांडी घासायची, भाकरीचा चुरा पाण्यात जायचा. मोळी उचलून बघायला तिला ना सवड होती, ना हौस.

जत्रा आली. लिंबाजीची मोळी तोवर सातदा उचलून झाली होती. पहाटेपासून तो गळ टाकून बसला आणि दुपारी त्याला लागला एक बेडूक.

"लिंबाजी, दिवस कलला," तळ्याचा म्हातारा कारभारी म्हणाला. "आन् देवीला बेडूक चालत न्हाई."

धुरपाच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्यापासून लोकांची जाळी शिवायची, आपल्याच दारातल्या पाण्यात गळ टाकायचा नाही! तेवढ्यात तिला आपला धुण्याचा खडक आठवला. तिनं नवऱ्याच्या हातातला गळ हिसकावला, खडक गाठला आणि गळ पाण्यात सोडला. दोरीला असा हिसका बसला की बाई पडता पडता वाचली. वर आली हातभर लांबीची मरळ.

सगळी वस्ती गोळा झाली. धुरपानं जात्याला बांधून ढकललेल्या फांद्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा कारभाऱ्यानं विचारलं, "पोरी, ही मोळी कितीदा उचलून पाहिलीस?"

"एकदाबी न्हाई, आबा. ह्यांच्या मागं वरडण्यातच माझे चार महिने गेले."

म्हातारा हसला. "मग हक्क राहिला. पण आजपासून तो धुरपाच्या नावावर."

लोक टाळ्या पिटतायत तोच मागं पाणी डुचमळलं. लिंबाजी कमरेपर्यंत तळ्यात उतरला होता.

"आता काय?" धुरपा किंचाळली.

"जरा उचलून बघतो की! एवढी मोठी मरळ आत राहत हुती तरी कशी?"

त्या दिवसापासून होडीचं वल्हं धुरपाच्या उशाला असतं, आणि लिंबाजी काठावर बसून लोकांची जाळी शिवतो.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या उतावळ्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जे धरायला वेळ लागतो, ते सारखं उचलून पाहणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही.