भिंगरी ओळ आणि बुधाचा दिवस

उन्हाळ्यात नागपूर बघायला येणाऱ्यांना मी आधी एवढेच सांगते, की गाडी चौकात ठेवा, डोक्याला ओला दुपट्टा बांधा आणि खिशात एक कांदा असू द्या. मग पायी निघायचे. हे शहर पायीच कळते, आणि तेही ऊन चढायच्या आत.

आमच्याकडे वस्त्यांना वारांची नावे आहेत. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या वारी जिथे बाजार भरे, तेच नाव वस्तीला चिकटले. बाहेरचा माणूस या नावांत हमखास गोंधळतो. सोमवारच्या दिवशी शुक्रवारीत जायला निघालेला माणूस मंगळवारीत पोचतो आणि घाम पुसत उभा राहतो. आम्ही त्याला हसतो. सगळे नागपूर हसते. फक्त एका ओळीत कुणी हसत नाही.

ओळ म्हणजे बाजाराची गल्ली. बुधवारीच्या पाठीमागे एक अरुंद, वाकडीतिकडी ओळ आहे, तिला भिंगरी ओळ म्हणतात. पायाला भिंगरी लागते ना, ती भिंगरी. इथला कूलर दुरुस्त करणारा तुम्हाला 'बुधवारी या' असे कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, 'बुधाच्या दिवशी या.' बुधवारी हा शब्द इथे वस्तीपुरता राखलेला आहे. दिवसाला तो लावत नाहीत. आणि दुसरे असे, की या ओळीत पत्ता विचारला तर कुणी बोट दाखवत नाही. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून उठतो, चक्कीवाला पिठाचे हात झटकत उठतो, आणि तुम्हाला हव्या त्या दारापर्यंत पोचवून येतो. कितीही ऊन असो.

असे का, त्याची एक गोष्ट आहे. ती बसून सांगत नाहीत, चालता चालताच सांगायची असते. तेव्हा चला, थांबू नका. भिंतीच्या कडेने सावली आहे तोवर निम्मी गोष्ट होईल.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. तेव्हा या ओळीत दोन्ही बाजूंना विणकरांचे माग होते. मागापुढे खड्डा असतो. विणकर काठावर बसून त्यात पाय सोडतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकतो. मध्येच उठले की लय मोडते आणि कापडात रेघ उमटते. म्हणून वाट विचारणाऱ्याला बसल्या जागेवरून बोट दाखवायचे, अशी तेव्हा पद्धत होती. त्यात काही वाईट आहे असे कुणाला वाटत नसे.

या विणकरांत गोमाजी नावाचा एक होता. त्याचा हात जितका जलद तितकीच जीभही. तो मनाने वाईट नव्हता. आजारी शेजाऱ्याचा ताणा तो रात्र जागून पुरा करून देई. पण वैशाखातली दुपार लांब असते, माग खटखटत असतात, आणि गोमाजीने काहीतरी म्हटल्याशिवाय ती सरत नसे.

अशाच एका वैशाखात, मंगळवारच्या दुपारी, ओळीत एक बाई आली. तिचे नाव कौतिका. वैनगंगेकाठच्या एका खेड्यातून वाटेत मुक्काम करत ती चालत आली होती. तिची एकुलती एक लेक ठमी बुधवारीत दिली होती. लेकीचे पहिले बाळंतपण. ते माहेरीच व्हायचे, पण दिवस अवघड होते आणि गाडीचे धक्के नकोत असे सुईणीने बजावले होते. म्हणून माहेरच सासरी निघाले होते. डोक्यावरच्या गाठोड्यात डिंक होता, अळीव होते, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी होती. लेकीचा निरोप एवढाच होता, 'माय, बुधवारीत ये. तिथं आलीस की घर कोणीबी सांगेल.'

कौतिकाने आयुष्यात शहर पाहिले नव्हते. उन्हाने तिचे तोंड लाल झाले होते. तिने पहिल्याच मागापाशी गाठोडे सावरत विचारले,

"बाप्पा, बुधवारी कुठी आहे?"

तो माग गोमाजीचा होता. त्याचा धोटा थांबला नाही.

"बुधवारी? उद्या, मावशी. आज मंगळवार आहे."

समोरचे माग हसले. एकजण म्हणाला, "गोमाजी, बिचारीले सांग तरी, सकाळी आहे का दुपारी!"

"सकाळीच आहे. कोंबडा आरवला की बुधवारी," गोमाजी म्हणाला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच वळते. कौतिकाच्या मुलखातही आठवडी बाजार भरे. तिथे मोकळ्या माळावर त्या दिवशी कापडाची पाले लागत, माणसे येत, गाव उभे राही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दोन चुलीचे दगड आणि भाजीचा पाला एवढेच उरे. बाजाराच्या आदल्या दिवशी बाजार कसा सापडणार? तिला ते अगदी पटले.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "नाही तं उन्हात उगाच भटकली असती."

यावर ओळ अधिकच हसली. बाईने थट्टेला थट्टेनेच उत्तर दिले असे त्यांना वाटले. तेवढ्यात उन्हाची झळ आत यायला लागली, दारांवर वाळ्याच्या ताट्या सोडल्या गेल्या, दारे लोटली गेली. ती पुढे गेली असणार, पुढच्याला विचारले असणार, असे प्रत्येकाने मनाशी धरले.

ती फार पुढे गेली नव्हती. ओळीच्या वळणावर कडुनिंब आहे. तो बघा, आता दिसेल. त्याच्या बुंध्याशी गाठोडे ठेवून ती बसली होती. बुधवारी उभी राहायची वाट बघत.

तिचा जीव काही एका जागी लागत नव्हता, असे सांगतात. ती उठे, वळणापर्यंत जाई, परत येऊन बसे. गाठोड्याची गाठ सोडे, दुपट्यांची घडी मोडून पुन्हा घाली. तिकडे जावई दुपारपासून वेशीवर उभा होता आणि सासू आली नाही म्हणून हिरमुसून परत गेला. ती दुसऱ्या रस्त्याने आली होती.

ऊन उतरल्यावर ओळीतली एक बाई कडुनिंबाशी राख टाकायला आली. तिने तांब्याभर पाणी दिले, भाकरी दिली, आणि विचारले,

"कोणाची वाट पाहून राह्यली वो?"

"बुधवारीची," कौतिका म्हणाली.

बाईला वाटले, उद्याच्या बाजाराला काही विकायला आली असेल. ती म्हणाली, "बस मग. जागा चांगली धरली." आणि घरी गेली.

दिवेलागणीला कडुनिंबामागच्या भिंतीपलीकडून एका बाईच्या कण्हण्याचा आवाज यायला लागला. वेणांतला आवाज सगळ्या बायकांचा एकसारखाच असतो, त्यात नाव ऐकू येत नाही. कौतिकाने तिकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाली, "देवा, जिची कोणाची असेल तिले सोडव."

इथून पुढे जरा उन्हातून जावे लागेल. झपाझप चला.

कोंबडा आरवला आणि बुधवारी उभी राहिली. गाड्या आल्या, टोपल्या आल्या, गोमाजीने सांगितले होते अगदी तसेच. कौतिका गाठोडे उचलून गर्दीत शिरली, आणि पहिल्याच भाजीवालीने तिला घर सांगितले. भिंतीपलीकडचेच घर होते ते. दाराबाहेर बायका बसल्या होत्या. आत सुपात एक मुलगी होती, जिवंत, मुठी आवळलेली. ठमी नव्हती. पहाटेच गेली. सुईण म्हणाली, "रात्रभर दाराकडे पाहे. माय आली का, एवढंच विचारे."

कौतिका रडली की नाही, हे कुणी सांगत नाही. तिने गाठोडे सोडले आणि नातीला आपल्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळले, एवढेच सांगतात.

दुपारपर्यंत बातमी ओळीत पोचली. माग एकामागून एक थांबले. गोमाजी त्या घरी गेला, अनवाणीच. लोकांना वाटले, बाई त्याला शाप देणार. तोही त्याच तयारीने उभा होता. कौतिकाने मान वर करून पाहिले आणि त्याला ओळखले.

"तुमी म्हनलं तसंच झालं, बाप्पा," ती म्हणाली. "आजच आली बुधवारी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती थट्टा होती, हे तिला अजून कळलेच नव्हते.

जुनी माणसे म्हणतात, तिने शाप दिला असता तर बरे झाले असते. शापाला उःशाप असतो. हिच्या साध्या बोलण्याला काहीच उतारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोमाजीने मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि तसेच वर घेतले. तळव्यांना तवा लागावा तसे झाले. पुन्हा सोडले, पुन्हा घेतले. हसलेल्या सगळ्यांचेच असे झाले म्हणे. ओळभर माणसे उठत होती, दारात येत होती, चार पावले टाकून परत येत होती. सूत तुटायला लागले. हातभर कापड धड निघेना. कुणी लिंबे बांधली, कुणी खड्डे बुजवून नवे खणले. बायका म्हणायच्या, "अवो, जेवताना तरी बुड टेका!" पण पाय ऐकेनात. येणारेजाणारे विचारायला लागले, या ओळीला भिंगरी लागली काय? नाव पडले ते तेव्हाच.

मग एक दिवस एका परक्या माणसाने शुक्रवारीची वाट विचारली. गोमाजी तसाही उभाच होता. तो त्याच्यापुढे चालायला लागला आणि थेट त्या माणसाच्या पाहुण्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आतून कुणीतरी "आले, आले!" म्हणत धावत आले, आणि त्या घटकेला गोमाजीच्या तळव्यांची आग शमली. परत येईपर्यंतच शमली, पण शमली. त्याने ओळीत येऊन सांगितले. दुसऱ्यांनीही करून पाहिले, आणि हळूहळू एकेकाचे पाय खड्ड्यात टिकायला लागले. तेव्हा सगळ्यांनी कडुनिंबाखाली जमून बोली केली, की विचारणाऱ्याला या ओळीत बोट द्यायचे नाही, पाय द्यायचा. आणि बुधवारी हा शब्द दिवसासाठी पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

सगळ्यांचे पाय निवले. गोमाजीचे नाही. त्याचा माग भाच्याने घेतला. तो वर्षानुवर्षे चालत राहिला. वैशाखातल्या भर दुपारी चौकात उभा राही आणि येणाऱ्याला विचारी, "कोणाच्या घरी जायचं आहे?" लोक त्याला भिऊन या सावलीतून त्या सावलीत सरकत. त्याने किती जणांना पोचवले याला गणती नाही. कौतिकाच्या दारावरून मात्र तो मान खाली घालून जाई.

कौतिका गावी परतली नाही. नातीला वाढवायला या ओळीतच येऊन राहिली. मुलीचे नाव बुधी ठेवले. बुधी मोठी झाली, चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला शिकली, आणि केव्हातरी ती सगळी हकिगत तिच्या कानावर आलीच. अशा गोष्टी आजी सांगत नाही, शेजार सांगतो.

गोमाजी म्हातारा झाला. डोळे गेले, मग आठवणही विरत गेली. पाय तेवढे थांबेनात. एका वैशाखात, दुपारचा, तो भिंती चाचपत या ओळीत आला आणि एका दारापाशी कांड्या भरण्याचा आवाज ऐकून उभा राहिला.

"पोरी, गोमाजीचं घर कुठी आहे वो? मले सापडून नाही राह्यलं."

दारात बुधी बसली होती.

समोरचे माग थांबले. मग त्यापुढचे थांबले. दिवसही मंगळवारचाच होता म्हणे. सांगणारे तसे सांगतात खरे. तिने काय म्हणायचे ते साऱ्या ओळीला ठाऊक होते. 'उद्या' हा एकच शब्द पुरला असता, आणि तिला कुणी दोष दिला नसता. आत कौतिका पोळीला कणीक मळत होती, तिचेही हात थांबले.

बुधीने भरलेली कांडी टोपलीत टाकली आणि उठली.

"चला, आबाजी. पुढं पायरी आहे, सांभाळून."

चार पावलांवर त्याने विचारले, "तू कोणाची वो?"

"ठमीची."

म्हातारा जागच्या जागी उभा राहिला.

"थांबू नका," बुधी म्हणाली. "ऊन लागते." आणि त्याचा हात धरून ओढत चालू लागली.

त्याच्या उंबऱ्यावर तिने त्याला बसवले. त्याने पाय जुळवून खाली ठेवले. ते तिथेच राहिले. भिंतीला टेकून तो झोपला, आणि त्याचे ते न हलणारे पाय बघायला ओळीतली माणसे ऊन विसरून दारात गोळा झाली.

आला बघा कडुनिंब. आता उभे राहिलात तरी चालेल, गोष्ट संपलीच आहे.

माग गेले, ताट्या गेल्या, दारोदार कूलर धडधडतात. चौकाचौकांत पाट्या लागल्या, आणि हातातल्या फोनवर सगळ्या वाटा दिसतात. तरी आजही या ओळीत तुम्ही पत्ता विचारला तर समोरचा माणूस तुमच्या फोनकडे बघतही नाही, उठतो. आणि आजही या कडुनिंबाखाली कुणी अनोळखी बाई गाठोडे घेऊन टेकलेली दिसली, की ओळीतली कुठलीही बाई आधी तिला पाणी देते. कोणाची वाट पाहून राह्यली, असे मात्र ती विचारत नाही. 'कोणाच्या घरी जायचं आहे?' असे विचारते, आणि उत्तर यायच्या आत चपला पायात सरकवते.