सगुणेच्या कट्ट्यावरचा रुमाल

सगुणेच्या कट्ट्यावर बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या तारकोंड गावात हा नियम मला चालायला यायच्या आधी शिकवला गेला. मी विचारलंच, तर उत्तर एकच मिळालं: "तां पूर्वापार आसा."

कट्टा खाडीच्या तोंडाशी आहे. जांभ्या दगडाचा, कमरेएवढा उंच. शेजारी एकटंच खजुरीचं झाड. त्याला दरवर्षी घोस लागतात, पिकायच्या बेतात येतात, आणि पाऊस त्यांना गाठून कुजवतो. कट्ट्यात सगुणा बसली आहे म्हणे, म्हणून तिच्यावर आम्ही बायकांनी पाय द्यायचा नाही. पुरुषांचे पाय तिला चालतात. त्यांचे पत्तेही चालतात. पानाची पिंकसुद्धा चालते.

यंदा मस्कतहून हिलालशेठ आले. जुन्या पद्धतीची, फळ्या दोरानं शिवलेली जहाजं बांधायचा त्यांचा कारखाना आहे. त्यांना आमच्या बायकांच्या गटानं वळलेला काथ्याचा दोर हवा होता, आणि त्यांचा खजूर आमच्या गटानं इकडे विकायचा होता. बोलणी गावकी करणार, तीही कट्ट्यावर, असं परस्पर ठरलं. मला बोलावलं ते इंग्रजीपुरतं. पाहुण्यांना खुर्ची, गावकीच्या म्हाताऱ्यांना सतरंजी, आणि मी खाली उन्हात. माझ्यामागे आई आणि गटातल्या बायका दोराची भेंडोळी घेऊन उभ्या. मागच्या वर्षी एका दलालाशी ह्याच मंडळींनी दार लावून भाव ठरवला होता. आपला दोर काय भावानं गेला, हे आईला अजून कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "तुमका करूचां काय?"

गावकीचे प्रमुख भिकूआबा तांडेल. पाहुणा आला की आधी आख्यायिका, मग चहा, असा त्यांचा क्रम. ते सांगत गेले, मी भाषांतर करत गेले.

असं सांगतात, की फार पूर्वी अरबांची जहाजं पाऊस सरता सरता ह्या खाडीत शिरायची आणि उत्तरेचा वारा धरून परत जायची. त्यांच्या मुलखात खजूर अमाप, तांबं चांगलं, पण नारळ नाही, की जहाजाला लागेल तेवढा दोर नाही. आमच्याकडे नारळच नारळ, पण भात शिजवायला तांब्याचं भांडं नाही. त्यांची जहाजं खिळ्यांवर नव्हे, आमच्या काथ्यावर तरंगायची. दोघांचं एकमेकांवाचून अडायचं.

सौदा मात्र रुमालाखाली व्हायचा. नाखुदा, म्हणजे जहाजाचा मुख्य, कट्ट्यावर बसायचा. गावातला एकेक पुरुष वर जायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि तो कुणाला सांगायचा नाही अशी शपथ. शेजाऱ्याला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही. मग आपला माल पडून राहील ह्या धाकानं प्रत्येक जण मनातल्यापेक्षा कमी बोटं दाबायचा, आणि घरी येऊन मिशीवर हात फिरवायचा.

दोर बायका वळायच्या. नारळाची सोडणं खाडीत महिनोन्‌महिने कुजत घालायची, मग चिखलात उभं राहून बडवायची, मग मांडीवर वळायची. सगुणा त्यातलीच. एका वर्षी तिच्या नवऱ्यानं अख्ख्या हंगामाच्या दोराबद्दल खजुराची एक टोपली आणली. वरचा थर चांगला, खाली किडका. "भाव काय ठरला?" तिनं विचारलं. "शपथ आहे," तो म्हणाला.

सगुणा उठली, कट्ट्यावर चढली आणि तिनं दोन पुरुषांच्या हातांवरचा रुमाल ओढून काढला. भाव तोंडानं सांगा, म्हणाली, नाहीतर दोर नाही. नाखुदा चिडला. त्याहून गावचे पुरुष चिडले. सगुणा तिथंच बसली. भाव कानावर पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असा तिनं पण केला. घराघरांतल्या बायकांनी दोर आत ठेवून कड्या लावल्या.

उत्तरेचा वारा सुटला. नाखुदाच्या जहाजाचे जुने टाके कुजले होते. नव्या दोराशिवाय ते खाडीबाहेर पडलं नसतं. शेवटी तो वर आला, उघडा हात सगळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं भाव बोलला. एका भेंडोळ्याला निवडलेल्या खजुराची भरली टोपली आणि तांब्याचं भांडं. सगुणेनं टोपलीतला एक खजूर खाल्ला, बी बाजूला टाकली, आणि डोळे मिटले ते कायमचे. बीची ही खजुरी झाली. पोटात अन्न गेल्यावर ती मेली कशी, हे मी लहानपणी विचारलं होतं. तेव्हा उत्तराऐवजी कान पिळला गेला होता.

"म्हणून," भिकूआबा हात जोडून म्हणाले, "आजही ह्या बंदरात रुमालाखाली सौदा होत नाही."

मी तेही भाषांतर केलं. हिलालशेठनी आदरानं कट्ट्याला हात लावला.

मग आबा उठले. "चला, भावाचां आत बसान बोलूया. शाळेची खोली उघडून ठेवलेली आसा. बाय, तू दारात रव. आमी सांगू तेवढांच सांग."

"आणि ह्या बायका?"

"त्यांचां काय काम थंय?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या तळहातांवर काथ्यानं कापलेल्या रेघा होत्या. तिनं हात पदराखाली घेतला होता. मी तो बाहेर काढला आणि तिला धरून कट्ट्यावर चढले.

"खाली उतर!" कुणीतरी ओरडलं. "सगुणेच्या अंगावर पाय?"

"सगुणा इथंच चढली होती ना? आत्ताच तुम्ही सांगितलंत, मी सगळ्यांसमोर भाषांतर केलं."

"ती देवी, गो!"

"त्या दिवशी ती दोर वळणारी होती. आबा, खोली म्हणजे रुमालच. मी आत येणार नाही आणि दोरही येणार नाही. भाव आई सांगेल, इथं, मोठ्यानं."

खाडीपलीकडे ऐकू जाईल असा आईनं भाव सांगितला, मी तो इंग्रजीत सांगितला. हिलालशेठनी आकडा ऐकून भुवया उंचावल्या, मग हसून उघडा हात पुढे केला. सतरंजीकडे बघत त्यांनी मला विचारलं, हे वडीलधारे काय म्हणताहेत?

मी वळून पाहिलं. भिकूआबांची नजर खजुरीच्या बुंध्यावर होती. बाकीचे सतरंजीची टोकं सरळ करत होते.

आजही मला त्याचं भाषांतर एवढंच करता येतं: काही नाही.