बेन्या आला का?

“आनंद करा, हे मी कुठल्या तोंडाने सांगू, बाबा?”

तरुण पाळक एलिया उजगरे दारातच उभा होता. त्याची सहा वर्षांची मुलगी शेरॉन काविळीने गेली, त्याला महिना झाला होता. तरी एकही रविवार त्याने चुकवला नव्हता. चर्चमध्ये मंडळीपुढे उभा राहून तो आनंदावर बोलायचा, मेलेली माणसं पुन्हा उठतील, भेटतील असं सांगायचा. लोक म्हणायचे, काय विश्वास या माणसाचा! ते ऐकायला त्याला बरं वाटायचं... आणि घरी आल्यावर बायकोच्या नजरेला नजर देववत नसे.

“आत काही उरलं नाही. नुसती राख आहे. तुम्ही मला शिकवलंत... आता तुम्हीच सांगा, आनंद कुठून आणू?”

पंचाऐंशी वर्षांचे निवृत्त पाळक शांतवनबाबा खाटेपाशी बसून बायकोला पेज भरवत होते. रूथबाईंना अलीकडे माणसं ओळखू येत नसत. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. पेज हनुवटीवरून ओघळत होती.

एलियाला राग आला. एवढ्या लांबून यायचं, आणि यांनी मान वर करूनही पाहू नये!

“बेन्या आला का हो?” रूथबाईंनी एकाएकी विचारलं.

एलिया दचकला. बेंजामिन, त्यांचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांपूर्वी विहिरीत पोहायला उतरला, तो वर आलाच नाही.

“अजून नाही,” बाबा म्हणाले. “येईल.”

“नक्की?”

“नक्की.”

रूथबाईंचा चेहरा उजळला. लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत त्या खुदकन हसल्या आणि त्यांनी आ केला. बाबाही हसले. त्यांनी पेजेचा चमचा तिच्या तोंडात दिला.

एलियाला राहवेना.

“मेलेल्या मुलाची वाट बघायला लावता त्यांना? रोज?”

“रोज.”

“एवढं खोटं बोलवतं तुम्हाला, बाबा?”

रूथबाई दाराकडे बघत हसत होत्या.

“खोटं...?”

बाबांनी चमचा वाडग्यात ठेवला. डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

“तसं असेल, तर येत्या रविवारी चर्चला कुलूप लाव, एलिया. आणि किल्ली मला आणून दे.”